रॉलिन्सच्या गोदामातला माल

प्रश्न: मुलाकडे कोलोरॅडोला गेलो होतो, तेव्हा मीकर हे गाव पाहिलं. 1879 मध्ये तिथल्या यूट या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी सरकारी एजंट नेथन मीकर यांना ठार मारलं, असं कळलं. मीकरनी त्यांच्या घोड्यांच्या शर्यतीचं मैदान नांगरलं, एवढ्यावरून माणसं मारली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नांगर हे शेवटचं निमित्त. माझी तीस वर्षं तहसीलच्या पुरवठा शाखेत गेली, त्यामुळे माझं लक्ष आधी जातं ते गोदामाकडे.

1868 च्या तहानं कोलोरॅडोचा पश्चिमेकडचा साधारण एक तृतीयांश भाग यूट लोकांकडे राहिला. बाकीच्या जमिनीपोटी दरवर्षी कपडे, ब्लँकेटं, शिधा देण्याचं सरकारनं कबूल केलं. व्हाइट रिव्हर एजन्सीचा, म्हणजे यूटांसाठीच्या तिथल्या सरकारी कचेरीचा, माल वायोमिंगमधल्या रॉलिन्स स्टेशनात उतरायचा. पुढच्या वाहतुकीचं भाडं थकलं आणि माल वर्षाहून जास्त काळ तिथेच पडून राहिला. कागदोपत्री मंजूर, गोदामात हजर, आणि डोंगरात माणसं थंडीत उघडी! आमच्याकडे गाडी एक दिवस उशिरा आली तरी रांगेतल्या म्हातारीकडे मला बघवत नसे. इथे तर हिवाळा गेला.

1878 मध्ये मीकर एजंट म्हणून आले. मूळचे पत्रकार, ग्रीली वसाहतीचे संस्थापक, कर्जात बुडालेले. यूटना शेतकरी करायचंच, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी त्यांनी एजन्सी नदीच्या खालच्या अंगाला, पॉवेल पार्कात हलवली. यूटांची घोडी हिवाळ्यात चरायची ती नेमकी हीच जागा, आणि यूट माणसाची सगळी मत्ता म्हणजे त्याची घोडी. शेतात राबेल त्याला जादा शिधा, हा नियमही त्यांचाच. जमिनीचा ठरलेला मोबदला असा बक्षिसासारखा वाटलेला मला सहन होत नाही. तक्रार करायची, तर तीही एजंटामार्फतच वर जायची.

सप्टेंबर 1879 मध्ये नांगरणीच्या वादातून जॉन्सन नावाच्या यूट पुढाऱ्यानं मीकरना घराबाहेर ढकललं. मीकरनी लष्कर मागवलं. 29 तारखेला मेजर थॉर्नबर्गची तुकडी मिल्क क्रीक ओलांडून राखीव हद्दीत शिरली आणि लढाई पेटली. थॉर्नबर्ग पडले. एजन्सीवर मीकर आणि त्यांचे कर्मचारी मारले गेले.

यूटांच्याच दुसऱ्या टोळीचा सरदार उरे, याच्या लोकांचा यात हात नव्हता, तरी 1881 मध्ये त्यांनाही युटाहला हलवलं. आणि एजन्सीवर मेलेल्यांच्या घरच्यांना द्यायची सालाना रक्कम 1880 च्या कायद्यानं यूटांना सरकारकडून येणं असलेल्या पैशातूनच वळती केली.