ती बुरशीची गोळी आता थांबवा

ताई,

आठ महिने अंगावरून पातळ, करडट पांढरं जातंय. वास येतो, नवरा-बायको जवळ आल्यावर तर जास्तच, पण खाज नाही. मेडिकलवाला दर वेळी बुरशीची तीच गोळी देतो. तुम्ही रोज जंतुनाशक टाकलेल्या पाण्याने आतून धुता. सासूबाई म्हणतात, हाडं झिजतायत. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, “हे कुठून लागलं, असं यांनी विचारलं तर काय सांगू?”

आधी हाडांची भीती काढून टाका. पांढरं गेल्याने हाडं झिजत नाहीत. थोडं पांढरं प्रत्येकीला जातं, दोन पाळ्यांच्या मधे ते पारदर्शक आणि चिकट होतं, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं.

तुमचं तसं नाही. पण तुम्ही लिहिलंय ते बुरशीचंही वाटत नाही. बुरशीत दह्यासारखं घट्ट जातं, वास जवळपास नसतो आणि खाज जीव नकोसा करते. खाज नाही आणि वास आहे, म्हणजे बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस. योनीमार्गात आम्लता राखणारे चांगले जिवाणू असतात. ते कमी झाले की दुसरे वाढतात. त्यांच्यावर बुरशीची गोळी चालतच नाही. आणि आतून धुण्याने उरलेसुरले चांगले जिवाणूही जातात. ते धुणं आजपासून बंद करा. बाहेरून साधं पाणी पुरे, आतली सफाई शरीर स्वतः करतं.

तरीही मी पत्रावरून औषध सांगणार नाही. ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीनेही असाच वास येतो, बहुतेकदा पिवळट-हिरवट, फेसाळ जातं. तपासणी अवघड नसते. डॉक्टर आतून बघतात, कापसाच्या काडीवर थोडा स्राव घेतात, आम्लतेच्या कागदाला लावतात. पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ४.५ च्या वर गेला (म्हणजे आम्लता कमी झाली) तर बुरशीची शक्यता मागे पडते. काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की मासळीसारखा वास उठतो का, तेही पाहतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली. व्हजायनोसिस निघाला तर सहसा मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. तोंडाला धातूची चव येते; म्हणून मधेच सोडू नका. हा त्रास उलटतो, तसं झालं तर पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जा.

आता यांना काय सांगायचं. व्हजायनोसिस असेल तर सरळ सांगा, हा आतल्या जिवाणूंचा तोल गेल्याचा आजार आहे, कुणाच्या वागण्याचा पुरावा नाही. ट्रायकोमोनास मात्र संबंधातून पसरतो, तेव्हा दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं, नाहीतर तो परत येतो. पण तो लक्षणांशिवाय कित्येक महिने अंगात राहू शकतो, त्यामुळे आज सापडला म्हणून आजचा असं धरून एकमेकांवर संशय घेऊ नका.

ओटीपोटात दुखणं, ताप, मधेच रक्त, किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर थांबू नका, लगेच जा. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक, म्हणजे अशाच आजारांचा सरकारी दवाखाना, विचारा, तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळतं.

जाताना पाळी नसावी, आदल्या दिवशी संबंध नकोत. आणि आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या.

तुमची,
माई