अमेरिकेतलं ख्रिश्चन लिबरल आर्ट्‌स कॉलेज निवडताना काय पाहावं?

माहितीपत्रकाआधी कॉलेजची आचारसंहिता वाचा, कारण ‘ख्रिश्चन’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा निघतो. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात (स्थापना १८६०) विद्यार्थी सामूहिक जीवनाचा करार मान्य करतो. पदवीच्या मुलांना दारू-तंबाखू बंद, चॅपलची, म्हणजे सामूहिक प्रार्थनासभेची, हजेरी सक्तीची. मिशिगनमधलं कॅल्विन विद्यापीठ (१८७६) तितकंच श्रद्धेवर उभं आहे, पण तिथे चॅपलला जाणं ऐच्छिक. राहायचं चार वर्षं आहे, म्हणून हा फरक मी सगळ्यात वर ठेवेन.

पदवीला साधारण १२० क्रेडिट (श्रेयांक) लागतात. लिबरल आर्ट्‌स म्हणजे एकाच विषयाऐवजी अनेक विषयांचा पाया देणारं शिक्षण, म्हणून मुख्य विषय रसायनशास्त्र असला तरी बायबल, तत्त्वज्ञान, इतिहास, लेखन हे करावंच लागतं. गडबड इथेच होते: विज्ञान, नर्सिंग, संगीतवाली मुलं हे विषय मागे ढकलतात, शेवटच्या वर्षी प्रयोगशाळा आणि बायबलचा तास एकाच वेळी येतो आणि एक सत्र वाढतं. पहिल्या दोन वर्षांत ते उरकून टाका. दुसऱ्या कॉलेजातून बदली करून येणार असाल तर बायबलच्या विषयांना बाहेरचे क्रेडिट चालतात का, हे लेखी विचारा.

जाहीर फी पाहून घाबरू नका. शिष्यवृत्ती वजा जाता उरणारी रक्कम, वसतिगृह आणि जेवण धरून, तीच तुलनेला घ्या. शिष्यवृत्ती टिकवायला किती गुणांची अट आहे, तेही विचारा.