उसातली साखर येते कुठून – जमिनीतून, खतातून की उन्हातून?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: उसात एवढी साखर येते कुठून, आणि युरिया वाढवला तर उतारा (उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) वाढेल का? मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी साखरेचा रेणू बघा. कार्बनचे 12, हायड्रोजनचे 22 आणि ऑक्सिजनचे 11 अणू. बस्स. त्यात नत्र नाही, स्फुरद नाही, पालाशही नाही. कार्बन येतो हवेतल्या कर्बवायूतून आणि हायड्रोजन पाण्यातून. हवेत कर्बवायू असतो जेमतेम 0.04 टक्के, आणि उभा फड त्यातूनच बांधला जातो! मला हे अजूनही थक्क करतं.

पण कर्बवायू आणि पाणी आपणहून एकत्र येत नाहीत, त्यासाठी ऊर्जा लागते. ती ऊन देतं. पानातलं हरितद्रव्य मुख्यतः लाल आणि निळा प्रकाश शोषतं. त्या ऊर्जेने हरितद्रव्यातला इलेक्ट्रॉन उसळून बाहेर पडतो आणि त्याची जागा भरायला पाण्याचा रेणू फोडला जातो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन यातूनच सुटलेला. तो कर्बवायूतून नव्हे, पाण्यातून येतो हे रुबेन आणि कामेन या शास्त्रज्ञांनी 1941 मध्ये जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच, पण जास्त वजनाचा अणू) वापरून दाखवलं. इलेक्ट्रॉन पुढे सरकत जातात तसे हरितलवकातल्या (हरितद्रव्य असलेल्या पेशीतल्या कप्प्यातल्या) पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठत जातात. धरणाचं पाणी टर्बाइनमधून सोडावं तसे ते परत वाहतात आणि त्या जोरावर एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतं. इलेक्ट्रॉन शेवटी एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूत जातात. या दोघांच्या बळावर कर्बवायूची साखर होते.

इथे ऊस भातापेक्षा वरचढ ठरतो. कर्बवायू पकडणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) कडक उन्हात चुकून ऑक्सिजनही पकडतं आणि भातासारख्या पिकाची कमाई त्यात वाया जाते. ऊस कर्बवायू आधी दुसऱ्याच विकराने पकडतो, चार कार्बनच्या आम्लात बांधतो आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडतो. तिथे कर्बवायूची इतकी दाटी होते की रुबिस्कोची चूक जवळजवळ थांबते. याचा पहिला सुगावा हवाईतल्या ऊस-संशोधकांना लागला. मग 1966 पासून ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी सगळा मार्ग उलगडला, तोही उसाच्याच पानांवर. मका आणि ज्वारीही याच वाटेने जातात.

पानात झालेली साखर रसवाहिन्यांतून कांड्यांत उतरते आणि तिथल्या पेशींच्या रिक्तिकांत (पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांत) साठते. वाढ जोरात असताना ऊस ती नवीन पानं-कांड्या करण्यात खर्चून टाकतो. थंडी पडली, पाणी कमी झालं की वाढ मंदावते, पण पान साखर करतच राहतं आणि ती कांडीत साचत जाते. थंडीत उतारा चढतो तो यामुळे. कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस (रस काढून उरलेला चोथा) जळतो तेव्हा जी धग निघते, तीही उसाने महिनोन्‌महिने साठवलेल्या उन्हाचीच.

आता युरिया, म्हणजे नत्राचं खत. नत्र साखरेत नसलं तरी हरितद्रव्यात आहे, रुबिस्कोत आहे. ते कमी पडलं तर पान पिवळं पडतं आणि साखर करणारी यंत्रणाच लंगडी होते. म्हणून मोठ्या बांधणीपर्यंत (उसाच्या बुंध्याला मातीची मोठी भर देईपर्यंत) शिफारशीइतकं नत्र द्यायलाच हवं. पण त्यानंतर किंवा जास्तीचा टाकलेला युरिया उसाला वाढतच ठेवतो. फड हिरवागार दिसतो, वजनही भरतं, पण पक्वता लांबते आणि उतारा घटतो. पालाशाची गोष्ट वेगळी. पानातून कांडीकडे साखर वाहून नेण्यात त्याचा हात असतो, त्यामुळे माती परीक्षणात पालाश कमी निघालं तर पैसे तिकडे लावा.