गाड्यांचं वेड आहे पण स्पीड, मॉडिफिकेशन, मोठा आवाज यातलं काहीच आवडत नाही, मग मी खरा गाडीप्रेमी नाही का?

भाऊ, तू लिहिलंस ना, की मित्र म्हणतात 'तुला गाड्यांतलं काय कळतं, तू तर अजून सायलेन्सर पण बदलला नाही', ते वाचून डोकं सणकलं, कारण हेच थोड्याफार फरकाने मी माझ्या साडूच्या तोंडून प्रत्येक लग्नकार्यात ऐकत आलोय. नाहीतर मी इथं बोंडअळी नि मक्यावरची लष्करी अळी सोडून कशावर लिहीत नाही, चोपड्याला बी-बियाणं-खतांचं दुकान आहे माझं.

तर उत्तर: आहेस तू गाडीप्रेमी. झालं. बाकी तू दोन गोष्टी विचारल्यास, एक, सेकंड हँड गाडी कोणती घेऊ नि दुसरी, आपल्यासारखे लोक भेटतात कुठे, त्यावर खाली येतोच, पण आधी साडूचं सांगू दे.

माझ्याकडे १९९८ ची मारुती ८०० आहे. पांढरी, कार्ब्युरेटरवाली (म्हणजे पेट्रोल नि हवा मिसळायची जुनी पद्धत), थंडीत सकाळी चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारं बटण, ओढल्याशिवाय उठत नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर, एसी नाही. चाकं बारा इंची, टायर १४५/७० आर १२ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, आतली रिम इंचात), म्हणजे कंपनीतून आली त्याच साइजचे. हॉर्न पण कंपनीचाच, जो ऐकून रस्त्यातली म्हैस मान सुद्धा वळवत नाही. या गाडीला मी साठच्या वर क्वचितच नेतो आणि नेली तरी मला काही मजा येत नाही, मला मजा येते ती पॉइंट-प्लग साफ करून आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं सावकाश फिरणं, सेट झाल्यावर बोनेटवर हात ठेवला की थरथर एकसारखी लागते त्यात. हे कोणाला सांगितलं की लोक बायकोकडे बघतात.

आता आपल्या खान्देशात गाडीचा शौक म्हणजे काय ते तुला माहीतच असेल. पांढरी स्कॉर्पिओ नाहीतर काळी थार, काचांना काळी फिल्म (सुप्रीम कोर्टाने २०१२ सालीच बंद केलीय, पण जळगाव-धुळे रोडवर अर्धा तास उभं राहून बघ), नंबर प्लेटवर ४१४१ चं 'दादा' करून घ्यायचं, मागच्या काचेवर कोणत्यातरी भाऊंचा वाढदिवसाचा फोटो, आणि हॉर्न ट्रकचा. यातलं काही नसेल तर तुम्ही शौकीन नाहीत, तुम्ही फक्त गाडीने येता-जाता.

साडूची स्कॉर्पिओ. तिला कंपनीचे टायर होते २३५/६५ आर १७. याने घेतल्या घेतल्या काढून २६५/६५ टाकले, कारण काय तर गाडी 'भरलेली' दिसते. दिसते, नाही म्हणत नाही. तेव्हापासून त्याचं एकच रडगाणं सुरू, की एव्हरेज पडलं. आधी तेरा द्यायची आता अकरा देते, पंपवाला मापात मारतो, मग पंप बदलला, मग त्या पंपवाल्याशीही वाजलं, मग डिझेलमध्येच भेसळ आहे म्हणे सगळीकडे. मी एकदा म्हटलं दादा, टायरमुळे असेल, तर म्हणे 'तुन्ही गाडी म्हणजे खेळणं शे भो, तू स्कॉर्पिओनं नको सांगू.'

मग आलं त्याच्या पुतण्याचं लग्न. वऱ्हाड चोपड्याहून धुळ्याला जायचं, आणि हल्ली वऱ्हाड नुसतं जात नाही, ताफा जातो. सात-आठ गाड्या एका रांगेत, वर ड्रोन. तापीच्या पुलाअलीकडे सगळ्या थांबवल्या, शूटिंगवाला पोरगा माझ्याजवळ आला, अगदी नम्रपणे, म्हणे काका तुमची गाडी जरा फ्रेमच्या बाहेर घेता का, सगळ्या मोठ्या गाड्या आहेत ना, मॅच होत नाही. साडू तिकडून ओरडला, तू आरामशीर मागून ये. ठीक आहे म्हटलं. बायको काही बोलली नाही पण तिने काच वर केली, हाताने फिरवायची काच आहे, सगळ्यांना दिसेल अशी सावकाश वर केली.

स्कॉर्पिओत नवरदेवाचे मित्र कोंबलेले, त्यामुळे साडूचा धाकटा, आठवीतला, त्याला जागाच नाही, तो आला माझ्या गाडीत. हुशार पोरगं आहे, बापावर गेलं नाही. बसल्या बसल्या विचारायला लागलं की काका हे बटण काय (चोक), हा काटा काय. मग म्हणे किलोमीटरचे दगड मोजू. माझ्या गाडीला ट्रिप मीटर नाही, तर याने पूल ओलांडल्यावरच्या पहिल्या दगडाला मीटरचा आकडा पेनने तळहातावर लिहिला, आणि पुढे स्कॉर्पिओत त्याची ताई बसलेली, तिला फोन करून सांगितलं की याच दगडापासून तू पण झिरो कर. दोघांचा आपला खेळ. मी यात काही केलेलं नाही हे मुद्दाम सांगतो, कारण साडूचं आजही म्हणणं आहे की हे मी पोराला शिकवून केलं.

अमळनेर सोडून पुढे ताफा चहाला थांबला. तोपर्यंत वीस दगड झाले होते. माझा मीटर वीस, म्हणजे पाव इकडे-तिकडे धर. स्कॉर्पिओचा एकोणीस.

पोरगं बापाकडे पळत गेलं, पप्पा तुमचा मीटर एक किलोमीटर कमी दाखवतो! साडू म्हणे त्या डबड्याचा मीटर खराब असेल. पण दगड तर सरकारचे आहेत ना.

गणित साधं आहे, तुला कळेल म्हणून लिहितो. २३५/६५ आर १७ टायरचा बाहेरचा व्यास साधारण ७३७ मिलिमीटर येतो, आणि २६५/६५ चा ७७६. म्हणजे पाच टक्क्यांच्या थोडं वर फरक. चाकाचा एक फेरा झाला की गाडी आता पाच टक्के जास्त पुढे जाते, पण मीटर बिचारा फेऱ्यांवरूनच अंतर धरतो, त्याला काय माहीत वर कोणता टायर चढवलाय. म्हणून खरे वीस गेले तर तो एकोणीस म्हणतो. आता याच चुकीच्या किलोमीटरला डिझेलने भागलं की एव्हरेज कमीच येणार, मीटरवर अकरा म्हणजे खरे साडेअकराच्या वर. बाकी जे पडलंय ते खरंच पडलंय, रुंद नि जड टायर ओढायला इंजिनाला जास्त लागणार, गिअरपण सगळे पाच टक्के लांब झाल्यासारखे, चढाला खालचा गिअर आधी टाकावा लागतो. त्यात पंपवाल्याचा काय दोष? आणि दहा हजारावर सर्व्हिसिंग करायचं म्हणतो ते होतं साडेदहा हजारावर. हे सगळं मी धुळ्याला पंगतीत सांगितलं, वरण-बट्टी नि घोटलेल्या वांग्याच्या भाजीवर, कारण साडूनेच परत काढलं होतं की पंपवाले चोर. बायको म्हणाली अहो जेवताना टायर काढू नका. साडूने बट्टी चुरता चुरता सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हटलं, 'हाऊ गाडीवाला नही, हाऊ हिशोबवाला शे.' हसले सगळे. नवरदेवाचा बाप पण हसला.

तेव्हापासून नाव पडलं, हिशोबवाला. साडूचे टायर तेच आहेत, पंपवाले अजून चोर आहेत.

मला याचा राग का येतो सांगतो. माझा मामा काळी-पिवळी, म्हणजे पॅसेंजरची जीप चालवायचा, महिंद्रा कमांडर, चोपडा-यावल लाइनला. मागे बारा, पुढे चार, पायरीवर जे राहतील ते. त्या माणसाला गिअर पडताना जरा वेगळा आवाज आला की गाडी खाली करून, पॅसेंजरच्या शिव्या खाऊन, पहिले मेकॅनिककडे. दार जोरात लावलं तर आम्हाला टपली बसायची. आयुष्यात कधी त्याने गाडीबरोबर फोटो काढला नाही, त्याला कोणी शौकीन म्हटलं नाही, तो फक्त ड्रायव्हर. आणि ज्याला आपल्या टायरचा साइज बदलल्याने काय होतं ते सांगूनही समजून घ्यायचं नाही, तो शौकीन. हे मला पटत नाही, पटणार नाही.

आणि जशी कंपनीने दिली तशी गाडी ठेवणं सोपं आहे असं तुझ्या मित्रांना वाटत असेल तर त्यांना म्हणावं ठेवून दाखवा. आमच्याकडे तशी ८०० शोधायला मला जळगाव, भुसावळ, पार शिरपूरपर्यंत फिरावं लागलं, ज्या त्या गाडीला काहीतरी करून ठेवलेलं, कुठे स्टिअरिंग बदललेलं, कुठे वायरिंगमध्ये स्पीकरसाठी दहा जोड.

बरं, गाडी कोणती घेऊ. बजेट तू लिहिलं नाहीस. ८०० घे असं मी म्हणेन पण डोळे उघडे ठेवून. तिचं उत्पादन जानेवारी २०१४ ला बंद झालं, म्हणजे सगळ्यात नवीन मिळाली तरी जुनीच. पार्टची अडचण नाही, ओम्नीचं बरंच चालतं. मॅट उचलून फ्लोअर बघ, बॅटरीच्या खालचा पत्रा बघ, आणि गाडी थंड असताना स्टार्ट करायला लाव, मालकाने तू यायच्या आधी गरम करून ठेवली असेल तर तिथूनच परत फिर. पंधरा वर्षं उलटलेली घेशील तर परत पासिंगचा खर्च धर, एप्रिल २०२२ ला कारची फी ६०० वरून ५००० झाली होती, आताची आरटीओत विचारून घे, वर पर्यावरण कर वेगळा. मी माझी २०२३ ला केली.

आणि ई-२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण एक तृतीयांश कमी, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, गॅस्केट याला ते मानवत नाही. मी पेट्रोलच्या नळ्या सगळ्या नव्या टाकल्या, तरी दर महिन्याला वास घेऊन बघतो. गंमत अशी की ते इथेनॉल हल्ली मक्यापासूनही करतात आणि इथल्या निम्म्या शेतकऱ्यांना मक्याचं बियाणं मीच विकतो, त्यामुळे कोणाला बोलू.

मे महिन्यात दुपारी कार्ब्युरेटरवाली गाडी बंद पडली नि लगेच चालू होत नसेल तर घाबरू नको, नळीत पेट्रोलची वाफ होते, बोनेटखालच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाक, दहा मिनिटं सावलीत थांब. आपल्याकडे पंचेचाळीस तापमान जातं, गाडीला पण माणसासारखं होतं.

मित्रांनी सायलेन्सरचा फारच आग्रह केला तर कायदा वाचून दाखव. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. साडूला मी वाचून दाखवलं होतं, तो म्हणाला आरटीओत आपली ओळख आहे.

आता दोन गोष्टी न्यायाने सांगायला पाहिजेत. एक, मी साडूला असंही म्हटलं होतं की तुझा काटा शंभरवर असतो तेव्हा गाडी खरी एकशेपाचला असते. ते तंतोतंत तसं नसणार, कारण कंपनी स्पीडचा काटा मुळातच थोडा जास्त दाखवणारा ठेवते, कमी दाखवलेला चालत नाही, त्यामुळे त्याचा काटा आता कदाचित बरोबर जुळत पण असेल. हे त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. किलोमीटरचं मात्र मी म्हणतो तेच. दुसरं, स्पीड आवडणारे सगळे साडूसारखे नसतात. जळगावात माझा कार्ब्युरेटर बसवून देणारा पोरगा आहे, तो स्वतः रॅलीचा वेडा, पण गाडीखाली शिरला की दोन-दोन तास बाहेर येत नाही, आणि माझ्या गाडीला हात लावायच्या आधी हात पुसतो. मॉडिफिकेशनही सगळं वाईट नाही, मंजुरी घेऊन सीएनजी किट किंवा अपंग माणसासाठी केलेला बदल, त्याला कोण नाव ठेवेल.

लोक कुठे भेटतात विचारलंस. ग्रुपमध्ये जाऊ नको, तिथे फोटोच असतात. रविवारी सकाळी जुन्या गॅरेजवर जाऊन बस, जिथे अजून फियाट नि अॅम्बेसिडर येते अशा. नाहीतर आरटीओत जुन्या गाड्यांच्या पासिंगच्या रांगेत. मला तिथे एरंडोलचे एक निवृत्त गुरुजी भेटले, जुनी पद्मिनी गाडी घेऊन आलेले, नंबर येईपर्यंत आम्ही चोकवर बोललो आणि निघताना त्यांनी स्वतःहून बोनेट उघडून दाखवलं. चोपड्याकडे आलास तर दुकानात ये, गाडी बाहेरच उभी असते.

साडूने आता थार बुक केलीय म्हणे. टायर कोणते टाकणार ते मी विचारलं नाही, पोरगं सांगेलच.