अ‍ॅव्होकॅडो घेताना: हास की हिरवं?

भाऊ, पहिल्यांदा घेताय तर आधी जात बघा. हास लहान, खडबडीत सालीचं. पिकलं की काळपट जांभळं होतं. गर लोण्यासारखा, तेलकट. कळण्याच्या भाकरीवर मीठ-लिंबू लावून खायला हेच घ्या. कूर्ग-कोडाईकनालकडचं मोठं, गुळगुळीत फळ बऱ्याचदा पिकूनही हिरवंच राहतं, गर पाणचट. ते मिल्कशेकला ठीक. म्हणून त्यात रंगावर जाऊ नका, देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबा, किंचित दबलं की तयार.

कच्चं असेल तर कागदी पिशवीत पिकल्या केळ्यासोबत दोन-चार दिवस ठेवा. जळगावच्या मे महिन्यात मात्र घरातली सगळ्यात थंड जागा शोधा: ३० अंशांच्या वर फळ एकसारखं पिकत नाही, चवही बिघडते. कच्चं फ्रिजमध्ये टाकलं तर गर करडा पडतो. आणि फोडणीत अजिबात नको, कडवट होतं.