'मागितल्यावर परत' लिहून घेतलंत, पण घड्याळ कधी सुरू झालं?

इंदूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. मावसभावाच्या खनिज शोधणाऱ्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला यांनी 16 लाख दिले, जुलै 2022 मध्ये 7, नोव्हेंबरमध्ये 5, जानेवारी 2023 मध्ये 4, सगळे आरटीजीएसनं, आणि साध्या कागदावर 'मागितल्यावर परत करू' एवढी एक ओळ. मागच्या दिवाळीत मावसभाऊ एमडीपदावरून बाहेर पडला, डिसेंबरमध्ये यांनी पहिल्यांदा पैसे मागितले, तर नवा एमडी म्हणतो हे जुन्या मॅनेजमेंटचं, आमच्याशी संबंध नाही. कंपनी तोट्यात, दोन वर्षांचे हिशेब भरलेले नाहीत. केस कोणावर करू?

असली पत्रं महिन्याला दोन-तीन येतात, फक्त धंदा बदलतो.

तुम्ही तीन पानं नव्या एमडीवर खर्च केलीत, त्याचं उत्तर एका ओळीचं आहे. पैसे कंपनीच्या खात्यात गेले, देणेकरी कंपनी, खुर्चीवर कोण बसलंय यानं काही फरक पडत नाही. मावसभावानं वैयक्तिक हमी लिहून दिलेली नाही, म्हणजे त्याच्या घरावर जाता येणार नाही, निदान या कागदावर तरी नाही.

आता खरी गोष्ट. तुम्हाला वाटतंय डिसेंबरात पैसे मागितले म्हणजे दावा लावायला तिथून तीन वर्षं मोकळी आहेत. नाहीत. मागणीवर परत करायच्या कर्जाला लिमिटेशन ॲक्ट 1963 चं आर्टिकल 21 लागतं आणि त्यात तीन वर्षं कर्ज दिल्या तारखेपासून मोजतात, मागितल्यापासून नाही. म्हणजे पहिले 7 लाख जुलै 2025 लाच मुदतीबाहेर, पुढचे नोव्हेंबरात, शेवटचे 4 या जानेवारीत. तुम्ही नात्यातला माणूस म्हणून गप्प बसलात आणि कायदा नातं बघत नाही.

वाचलात ते पत्राला जोडलेल्या एका पीडीएफमुळे, ज्याचा तुम्ही पत्रात उल्लेखही केला नाही! 31 मार्च 2023 चा ताळेबंद, त्यात अनसिक्युअर्ड लोन (बिनतारण कर्ज), इतर, 16,00,000, खाली दोन डायरेक्टरांच्या सह्या आणि तारीख 18 ऑगस्ट 2023. मुदत संपायच्या आत लेखी, सही केलेली कबुली मिळाली की त्याच लिमिटेशन ॲक्टच्या कलम 18 खाली सहीच्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं सुरू होतात, आणि ताळेबंदातली नोंद अशी कबुली ठरू शकते हे सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये बिशल जयस्वाल प्रकरणात सांगितलंय. मात्र ठरतेच असं नाही, नोट्समध्ये किंवा ऑडिटरच्या रिपोर्टात 'हे देणं मान्य नाही' असली शेपूट लावलेली असेल तर गोष्ट बदलते, म्हणून नोट्स पूर्ण वाचा. तुमचं नाव त्यात नाही, तो एक कच्चा दुवा आहे, पण आकडा तंतोतंत जुळतो आणि बँक स्टेटमेंट तुमच्याकडे आहे.

तेव्हा तुमची तारीख 18 ऑगस्ट 2026. कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. वकिलाची नोटीस पाठवली की घड्याळ थांबतं असं निम्म्या इंदूरला वाटतं, ते थांबत नाही, दावाच दाखल व्हावा लागतो, आणि फायलिंगमधल्या त्रुटी काढण्यातच पंधरवडा जातो, म्हणून जुलै ओलांडू नका.

एक पळवाट आहे, तिच्यावर विसंबू नका. कर्जाऐवजी ही 'ठेव' होती असं धरलं तर आर्टिकल 22 मध्ये मुदत मागणीपासून मोजतात. कंपनी कायद्यातल्या नातेवाइकांत मावसभाऊ बसत नाही आणि तुम्ही शेअरहोल्डर नाही, त्यामुळे कलम 73 च्या दृष्टीनं ही बेकायदा ठेव असू शकते, त्याची तक्रार ग्वाल्हेरच्या रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे जाऊ शकते. पण कंपनी कायद्यातली ठेव ती लिमिटेशनमधलीही ठेव, असं कोर्ट म्हणेलच याची मी हमी देणार नाही.

एनसीएलटीचं, म्हणजे कंपन्यांच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाचं विचारलंय, तिथे दिवाळखोरीसाठी किमान 1 कोटी थकलेले लागतात, सोडून द्या. मावसभावानं सही करून दिलेला कोरा चेक आत्ता तारीख टाकून लावू नका, तो आता त्या खात्याचा सहीदार नाही, नसता गुंता होईल.

कंपनीच्या तब्येतीबद्दल. अशा कंपन्यांकडे खाण नसते, असते ती एखादी ड्रिलिंग रिग, कोअरचे (ड्रिलिंगमधून निघालेल्या खडकाच्या नमुन्यांचे) खोके, रिपोर्ट आणि सरकारी कामाचं बिल, जे टप्प्याटप्प्यानं निघतं. शोधकामात मोठ्यांचेही हात पोळलेत, छतरपूरजवळचा बंदर हिऱ्यांचा प्रकल्प रिओ टिंटोनं 2017 मध्ये राज्य सरकारला देऊन टाकला, तर तुमच्या मावसभावाचं काय घेऊन बसलात. म्हणून एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी खात्याच्या साइटवर 100 रुपये भरून कंपनीचे कागद काढा आणि आधी चार्ज, म्हणजे कोणती मालमत्ता कोणाकडे तारण आहे ते बघा. रिग बँकेकडे गहाण असेल तर तुम्ही रांगेत मागे आहात आणि डिक्री, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा हुकूम मिळाला तरी वसुली येणाऱ्या बिलांवरच होईल.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट आहे. 2023-24 आणि 2024-25 चे हिशेब भरलेले नाहीत, 2025-26 चेही राहिले तर सलग तीन वर्षं होतात आणि कंपनी कायद्याच्या कलम 164 खाली डायरेक्टर पाच वर्षं कुठल्याच कंपनीत नव्यानं नेमले जाऊ शकत नाहीत. नव्या एमडीला हे माहीत असणार, त्याला हिशेब भरावेच लागतील, आणि त्यात तुमचे 16 लाख दाखवायचे की लपवायचे हे ठरवावं लागेल.

शेवटी विचारलंय, तो चहाला बोलावतोय, जाऊ का. जा. तो सहा महिने मागेल, द्या, पण लेटरहेडवर रक्कम, तुमचं नाव, आजची तारीख आणि कंपनीतर्फे त्याची सही घेऊनच उठा, म्हणजे तीन वर्षं नव्यानं मिळतील. 'व्हॉट्सॲपवर टाकतो ना दादा' म्हणाला तर चहा पिऊन सरळ वकिलाकडे.