बाद झालेल्या रोपचं काय करायचं?

प्रश्न : आमच्या गिर्यारोहण संस्थेत 10 मिमी जाडीचे, 50 मीटरचे दोन डायनॅमिक (पडताना झटका बसू नये म्हणून ताणले जाणारे) रोप, चार हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि काही कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या गेटच्या धातूच्या कड्या) बाद केले आहेत. रोप वरून चांगले दिसतात. गावात विहिरीसाठी किंवा झोक्यासाठी दिले तर चालतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : देऊ नका. आज बादलीला बांधलेला रोप उन्हाळ्यात गाळ काढायला उतरणाऱ्याच्या कमरेला बांधला जातो. झोक्यावर तर पहिल्या दिवसापासून माणूसच बसणार. वरचं आवरण धड असलं, तरी आतला गाभा कुठे दुखावलाय ते बाहेरून कळत नाही; बॅटरीतल्या आम्लाने नायलॉन कमजोर होतो, पण त्याचा डाग तर दिसतही नाही.

बाद रोपचं पायपुसणं उत्तम होतं. 60 सेंमी व्यासाच्या गोल पायपुसण्याला 28 मीटर रोप लागतो. आधी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. ओला झाल्यावर रोप आटतो, त्यामुळे न धुता शिवलेलं पायपुसणं पहिल्या धुण्यातच आक्रसतं. कापायच्या जागी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे घ्या, मधोमध कापा आणि टोक आचेवर धरून आवरण व गाभा एकजीव करा. हे राहिलं तर आवरण मागे सरकतं आणि पांढरा गाभा बाहेर येतो. वितळलेलं टोक बोटाने दाबू नका, नायलॉन कातडीला चिकटतं.

मग सपाट फरशीवरच गुंडाळत जा आणि दाभणाने, जाड नायलॉन दोऱ्याने, दर 3-4 सेंमीवर शेजारच्या वेढ्याचं आवरण पकडून टाका घाला. मांडीवर घेऊन शिवलं की वेढे ताणले जातात आणि पायपुसण्याची परडी होते. ग्लू गनचा मोह टाळा. उन्हात डिंक मऊ पडून वेढे सुटतात.

एका रोपातून उरलेल्या 22 मीटरचे 2-2 मीटरचे अकरा तुकडे करा, टोकांना लाल रंग द्या. शिबिरात गाठी शिकवायला ते पुरतात आणि एवढ्याशा तुकड्यावर कुणी चढायला जाणार नाही.

हार्नेसचा बिले लूप (साथीदाराचा रोप सांभाळताना वापरायचा पुढचा फास) आणि रोप बांधायच्या दोन्ही जागा आधी कापून टाका. बकल आणि कमरेची गादी सॅकच्या दुरुस्तीला वापरा. कॅराबिनरचं गेट हॅकसॉने काढलं की सॅक अडकवायला भिंतीवरची खुंटी तयार. भंगारात द्यायचे असतील तर गेटची पिन आणि स्प्रिंग काढून द्या, म्हणजे निव्वळ ॲल्युमिनियमचा भाव मागता येईल. गेटसकट मात्र एकही बाहेर जाऊ देऊ नका.

प्रश्न : क्लाइंबिंग शूजचा तळ अंगठ्याकडे झिजलाय. कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडून नवा बसवू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तळाच्या वरची, बोटांभोवतीची रबरी पट्टी फाटलेली नसेल तर नवा तळ बसतो. पण चपलेचं रबर कडक असतं, कातळावर घसरतं. क्लाइंबिंगचंच सुमारे 4 मिमीचं रबर मिळवा आणि ते चिकटवूनच घ्या. काका सवयीने शिवायला घेतील. टाक्यांनी त्या पट्टीला भोकं पडतात.